जागल्या आणि स्वयंसेवक : न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील एका पहाऱ्याचा इतिहास

१

वेतन देऊन माणसे नेमावीत आणि त्यांच्याकरवी लोकांचे रक्षण करावे, हे आधुनिक राज्यसंस्थेने आपले एक मुख्य कर्तव्य मानले आहे. तेच काम काही नागरिक आपण होऊन, वेतनाची अपेक्षा न धरता व कोणी न नेमता करू लागले, तर त्यांना काय म्हणावे? हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ नामकरणाचा वाटतो. परंतु नाव देणे म्हणजे बहुधा अधिकार मान्य करणे अथवा नाकारणे होय, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे खरे स्वरूप प्रकट होते. न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेत १९७९ साली सुरू झालेल्या एका स्वयंसेवी पहाऱ्याचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा पहारेकऱ्यांना त्यांच्या विरोधकांनी ‘व्हिजिलांटी’ म्हटले. हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘व्हिजिल’, म्हणजे ‘जागा असलेला’, या शब्दात आहे. अमेरिकेत या शब्दाला आज जो अर्थ चिकटला आहे, त्यामागे सॅन फ्रान्सिस्को येथील १८५१ व १८५६ या सालांच्या दक्षता समित्यांसारखी उदाहरणे आहेत. त्या समित्यांनी न्यायालयाला बाजूस सारून स्वतःच माणसांचे न्याय केले आणि काहींना फासावर चढविले. ‘जागा असलेला’ या निरुपद्रवी अर्थापासून ‘कायदा हाती घेणारा’ या अर्थापर्यंतचा हा प्रवास आहे.

मराठीत याच अर्थाच्या धातूपासून बनलेला एक शब्द आहे, तो म्हणजे ‘जागल्या’. जागतो तो जागल्या. व्युत्पत्तीचा पाया एकच असूनही या शब्दाला तो डाग लागलेला नाही. याचे कारण शब्दात शोधून सापडणार नाही, ते संस्थेत शोधावे लागते. माउंट्स्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याच्या कामाचे वर्णन आले आहे. चोरी झाली की चोराचा माग काढणे हे त्याचे काम. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवला की जबाबदारी त्या गावाकडे जाई. तो पोहोचवता आला नाही, तर नुकसानीची भरपाई करण्याचा बोजा यथाशक्ति त्याच्यावर व गावावर येई. या कामाबद्दल त्याला गावाकडून हक्क मिळत असे. म्हणजे जागणे, हक्क आणि उत्तरदायित्व या तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे मात्र कारण नाही. हे काम वंशपरंपरागत होते, ते जातीवर लादलेले होते, आणि नाकारण्याची मुभा जवळजवळ नव्हती. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, तो याच कारणास्तव आवश्यक होता. परंतु त्या जुन्या संस्थेने एक प्रश्न स्पष्टपणे सोडविला होता : जो पहारा करतो, तो चुकला तर कोणापुढे उभा राहतो? न्यूयॉर्कमधील प्रयोगाला हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

२

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. तिच्या वेगवेगळ्या कंपन्यांचे मार्ग १९४० साली नगरपालिकेच्या ताब्यात एकत्र आले. ती अहोरात्र चालते, हे तिचे वैशिष्ट्य पहाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मुंबईच्या लोकल गाड्या मध्यरात्रीनंतर काही तास विसावतात. न्यूयॉर्कमध्ये पहाटे तीन वाजताही जवळजवळ रिकामा डबा लांबलचक बोगद्यातून धावत असतो. गर्दी हे जसे खिसेकापूचे क्षेत्र, तसे निर्जनता हे लुटारूचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळात या रेल्वेने वर्षाला दोन अब्जांहून अधिक प्रवासी वाहून नेले. १९७७ पर्यंत ही संख्या एक अब्जाच्याही खाली आली. प्रवासी घटले की डबे रिकामे होतात, रिकाम्या डब्यांची भीती वाटते, आणि भीतीमुळे प्रवासी आणखी घटतात. असे हे चक्र होते.

शासनाने या बाबतीत काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. एप्रिल १९६५ मध्ये महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी रात्री आठ ते पहाटे चार या वेळात प्रत्येक गाडीवर व प्रत्येक स्थानकावर पोलीस असावा, असा आदेश दिला आणि त्यासाठी रेल्वे पोलिसांची संख्या पुष्कळ वाढविण्यात आली. या उपायाचा अभ्यास रँड संस्थेच्या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. पहाऱ्याच्या तासांत गुन्हे घटले, ही गोष्ट त्यांना आढळली. परंतु इतर वेळी ते पुढे वाढतच गेले आणि टळलेल्या प्रत्येक गुन्ह्यामागे झालेला खर्च फार मोठा होता. तात्पर्य, पगारी जागरण परिणामकारक होते, परंतु महाग होते.

हा खर्च परवडेनासा झाला तो १९७५ च्या आर्थिक संकटात. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. १ जुलै १९७५ रोजी सुमारे पाच हजार पोलिसांना कामावरून कमी करण्यात आले. त्यापूर्वी जून महिन्यात पोलीस व अग्निशामक दलांच्या कामगार संघटनांनी शहरात येणाऱ्या प्रवाशांसाठी एक पत्रक छापले होते. त्याच्या मुखपृष्ठावर कवटी होती आणि न्यूयॉर्कला ‘भीतिनगर’ असे संबोधले होते. सायंकाळी सहानंतर रस्त्यावर पायी हिंडू नका, आणि भुयारी रेल्वेने तर कोणत्याही कारणास्तव प्रवास करू नका, असा उपदेश त्यात होता. कपातीला विरोध करण्यासाठी रचलेले ते पत्रक होते, हे खरे. तथापि ज्यांनी रक्षण करावयाचे त्यांनीच ‘आम्ही तुमचे रक्षण करू शकत नाही’ असे जाहीर करावे, ही घटना असामान्य होय. स्वयंसेवी पहाऱ्याचा जन्म यानंतर चार वर्षांच्या आत झाला. हा क्रम केवळ योगायोगाचा मानणे कठीण आहे.

३

कर्टिस स्लिवा हा तरुण ब्राँक्स भागात फोर्डॅम मार्गावरील एका उपाहारगृहाचा रात्रपाळीचा व्यवस्थापक होता. त्याने १३ फेब्रुवारी १९७९ रोजी बारा साथीदारांसह भुयारी रेल्वेत गस्त घालण्यास प्रारंभ केला. प्रारंभी या गटाने ‘मॅग्निफिसेंट थर्टीन’, म्हणजे ‘तेजस्वी तेरा’, असे नाव घेतले होते. पुढे ‘गार्डियन एंजल्स’ हे नाव रूढ झाले. त्यांनी निवडलेली गाडी होती क्रमांक चारची, जिला लोकांनी ‘लुटारूंची एक्सप्रेस’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते.

नावाची ही निवड लक्षणीय आहे. ‘गार्डियन एंजल’ म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार प्रत्येक माणसासोबत अदृश्यपणे वावरणारा रक्षक देवदूत. कोकणातील वाचकाला येथे ‘राखणदारा’चे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु दोन्ही कल्पनांत भेद आहे. कोकणातील राखणदाराला दरसाल राखण द्यावी लागते. रक्षण करणारा व रक्षिला जाणारा यांच्यात देवघेवीचे बंधन असते. देवदूत मात्र लोकांकडून नेमला जात नाही आणि लोकांना उत्तर देण्यासही बांधलेला नसतो. ‘व्हिजिलांटी’ हा शब्द टाळण्यासाठी स्वीकारलेले हे नाव असे होते की त्यात अधिकाराचा उगम कोठे आहे, हा प्रश्नच उद्‍भवत नव्हता.

त्यांच्या कामाची पद्धत साधी व विचारपूर्वक आखलेली होती. लाल बेरे टोपी आणि संस्थेचे चिन्ह असलेला पांढरा सदरा हा त्यांचा वेष. कोणाजवळही शस्त्र असता कामा नये, हा नियम. आणि गस्तीपूर्वी सदस्य एकमेकांची झडती घेत. गाडीत ते विखरून एकेका डब्यात उभे राहत. स्थानक आले की दाराशी येऊन बाहेर डोकावत आणि सारे ठीक असल्याची खूण एकमेकांस देत. सदस्यांत कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषी वस्त्यांतील तरुणांचा भरणा मोठा होता. ज्या तरुणांकडे डब्यातील इतर प्रवासी संशयाने पाहत, तेच तरुण टोपी घालताच रक्षक म्हणून ओळखले जाऊ लागले, ही या चळवळीची सामाजिक दृष्ट्या सर्वांत मोलाची बाजू होय.

जेन जेकब्ज यांनी अमेरिकन शहरांविषयीच्या आपल्या १९६१ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, रस्त्यावरील शांतता मुख्यतः पोलीस राखत नाहीत. दुकानदार, शेजारी व येणारेजाणारे यांच्या नकळत चाललेल्या देखरेखीने ती राखली जाते. रेल्वेच्या डब्याला हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे दुकानदार नाही, खिडकीत बसलेली आजी नाही. शेजारी असतो तो दोन स्थानकांपुरता. या अस्थिर जागेत परिचित चेहऱ्याचे काम लाल टोपीने केले. टोपी ओळखीची होती, माणूस नव्हे.

४

महापौर एड कॉच यांनी आरंभी या गटाला विरोध केला. पोलिसांच्या संघटनाही विरोधात होत्या. त्यांचा आक्षेप असा की, ज्याला कायद्याचे शिक्षण नाही आणि ज्याच्यावर कोणाचे नियंत्रण नाही, त्याने गस्त घालणे धोक्याचे आहे. यावर गटाचे उत्तर असे होते की, ते नागरिकाला असलेल्या अधिकारापलीकडे काहीच करीत नाहीत.

हा अधिकार कोणता, ते पाहणे उचित होईल. न्यूयॉर्क राज्याच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार कोणीही व्यक्ती दुसऱ्याला अटक करू शकते. परंतु त्या व्यक्तीने तो गुन्हा प्रत्यक्षात केलेला असला पाहिजे. पोलिसाला वाजवी कारण पुरेसे असते. त्याचा तर्क चुकला, तरी कारण वाजवी असल्यास कायदा त्याला सांभाळून घेतो. सामान्य नागरिकाचा तर्क चुकला, तर तो स्वतःच अपराधी ठरू शकतो. दोघांच्या कृतीत बाह्यतः काहीच भेद नसतो, पण चूक झाल्यावर कोणाच्या पाठीशी कोण उभे राहते, यात सारा भेद आहे. डिसेंबर १९८१ मध्ये न्यूअर्क शहरात या संघटनेचा एक सदस्य गस्तीवर असताना पोलिसाच्या गोळीने मरण पावला. पोलीस आणि स्वयंसेवक एकाच रात्री, एकाच जागी, परस्परांशी कसलाही संबंध न ठेवता वावरू लागले म्हणजे काय घडू शकते, याचे हे दुःखद उदाहरण होय.

न्यूयॉर्कमध्ये मात्र १९८१ सालीच शहर व संघटना यांच्यात समझोता झाला होता आणि सदस्यांना ओळखपत्रे देण्याचे ठरले होते. हे पाऊल दिसावयास लहान असले तरी अर्थपूर्ण होते. ओळखपत्र म्हणजे अधिकारपत्र नव्हे. त्याने नवी सत्ता दिली नाही. एवढेच केले की देवदूताला नाव आणि छायाचित्र मिळाले. चुकल्यास कोणाला जाब विचारावयाचा, हे ठरले. त्याच शहरात नागरी संरक्षणाच्या योजनेतून निर्माण झालेले साहाय्यक पोलीस दल पूर्वीपासून होते. त्याचे सदस्यही विनावेतन आणि बंदुकीवाचून काम करीत. परंतु त्यांचे शिक्षण, गणवेष आणि नेमणूक पोलीस खात्याच्या हाती असे. म्हणजे ‘स्वयंसेवी’ या एकाच विशेषणाखाली दोन भिन्न संस्था नांदत होत्या : एक खात्याला उत्तरदायी, दुसरी स्वतःच्या नेत्याला.

या दोहोंहून वेगळी आणि भयावह अशी तिसरी शक्यता २२ डिसेंबर १९८४ रोजी प्रत्यक्षात आली. बर्नहार्ड गेट्झ या प्रवाशाने क्रमांक दोनच्या गाडीत पैसे मागणाऱ्या चार कृष्णवर्णीय तरुणांवर पिस्तूल झाडले. चौघेही जखमी झाले. एक जण कायमचा पंगू झाला. अनेक नागरिकांनी गेट्झला वीर ठरविले. १९८७ साली पंचांनी त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल मात्र दोषी धरले. या खटल्यात बचावपक्षाने प्रसंगाचे प्रात्यक्षिक दाखविताना त्या चार तरुणांच्या जागी गार्डियन एंजल्सचे चार तरुण उभे केले होते. शस्त्र न बाळगण्याची शपथ घेणाऱ्या संघटनेचे सदस्य शस्त्र चालविणाऱ्याच्या बचावासाठी उभे राहिले, यावरून सामूहिक, नि:शस्त्र पहारा आणि एकट्याने घेतलेला सूड यांतील सीमारेषा लोकमानसात किती पुसट झाली होती, हे दिसून येते. विवेचकाने मात्र ती पुसट होऊ देऊ नये.

५

या पहाऱ्याने गुन्हे घटले काय? जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी मार्च १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फुटक्या खिडक्यां’विषयीच्या सुविख्यात लेखात या संघटनेचा निर्देश आहे. गुन्ह्यांवरील परिणाम ज्ञात नाही, परंतु तिच्या अस्तित्वाने लोकांना धीर वाटत असावा, असे त्यांचे सावध मत होते. डेनिस केनी यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतच पाहणी करून १९८६ व १९८७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. लोकांच्या कल्पनेच्या मानाने प्रत्यक्ष गुन्ह्यांचे प्रमाण इतके कमी होते की गस्तीचा परिणाम मोजून दाखविणेच कठीण होते. सॅन दिएगो शहरातील १९८५ च्या अभ्यासात असे आढळले की, गस्तीच्या भागात हिंसक गुन्हे घटले खरे. परंतु तुलनेसाठी निवडलेल्या, गस्त नसलेल्या भागात ते त्याहून अधिक घटले होते.

याचा अर्थ पहारा निरर्थक होता, असा काढणे घाईचे होईल. भीती हीही एक वस्तुस्थिती आहे. भीतीमुळे स्त्री रात्रपाळीची नोकरी सोडते, म्हातारा माणूस घराबाहेर पडेनासा होतो. गुन्हा न घडताही हे नुकसान होत असते. परंतु भीती कमी करणे आणि गुन्हा कमी करणे ही दोन भिन्न कार्ये असून एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

येथे १९९२ सालची घटना नमूद करणे भाग आहे. त्या वर्षी जून महिन्यात स्लिवा याच्यावर टॅक्सीत गोळ्या झाडण्यात आल्या व तो गंभीर जखमी झाला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये त्याने कबूल केले की, संघटनेच्या आरंभीच्या काळात गाजलेली आपली काही साहसे बनावट होती. रेल्वे पोलिसांनी आपले अपहरण केल्याचा आरोपही त्यांपैकीच. संघटनेतील शेकडो तरुणांनी रात्ररात्र उभे राहून केलेले श्रम यामुळे खोटे ठरत नाहीत. परंतु जी संस्था बाहेरच्या कोणालाही हिशेब देत नाही, तिचा हिशेब तपासावयास तेरा वर्षे लागू शकतात, हा धडा त्यात आहे. खात्यातील पोलीसही खोटे बोलतो. फरक असा की त्याच्या विरुद्ध तक्रार कोठे करावी, याची जागा ठरलेली असते.

पुढील इतिहास संक्षेपाने सांगता येईल. डब्यांवरील रंगकाम पुसण्याची मोहीम मे १९८९ मध्ये पूर्ण झाली. २ एप्रिल १९९५ रोजी रेल्वेचे स्वतंत्र पोलीस दल शहर पोलिसांत विलीन झाले. त्या दशकात गुन्हे मोठ्या प्रमाणावर घटले, आणि त्याच्या कारणांविषयी आजही एकमत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्यपालांनी भुयारी रेल्वेत नॅशनल गार्डचे ७५० जवान पाठविले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्लिवा याने गस्त पुन्हा सुरू करण्याचे घोषित केले. जुना प्रश्न मिटलेला नाही, हे यावरून उघड आहे.

६

आपल्याकडील कायद्याच्या इतिहासातही याच प्रश्नाची वेगळी उत्तरे आढळतात, म्हणून त्यांचा विचार अप्रस्तुत ठरू नये. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या सतराव्या कलमानुसार दंगलीच्या प्रसंगी रहिवाशांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमता येई. आणि एकोणिसाव्या कलमानुसार हे काम नाकारणाऱ्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड होई. यात अधिकार होता, उत्तरदायित्व होते, परंतु ‘स्वयं’ नव्हते. ही सेवा नव्हे, वेठच होय. याच्या उलट, मुंबई प्रांतात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना डिसेंबर १९४६ मध्ये उभारलेले आणि १९४७ च्या कायद्याने स्थिर झालेले होमगार्ड दल. ते स्वेच्छेचे होते, परंतु शिस्त, शिक्षण आणि कामावर असतानाचे अधिकार यांना कायद्याचा आधार होता. मुंबईच्या लोकल गाड्यांत रात्री महिलांच्या डब्यांत लोहमार्ग पोलिसांच्या जोडीने होमगार्डही नेमण्यात आले आहेत. त्यांना मिळते ते ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. हा मराठी शब्द अचूक आहे आणि फसवाही. तो सेवेचा मान राखतो. परंतु त्याच्या आडोशाने पगारी पोलिसाचे काम कमी मोबदल्यात करून घेण्याची सोयही शासनाला करून देतो.

प्रत्यक्ष गुन्हा घडताना पाहणाऱ्या सामान्य नागरिकाचा अधिकार आपल्या कायद्यानेही मान्य केला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या चाळिसाव्या कलमानुसार, आपल्या समक्ष अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही व्यक्ती अटक करू शकते; परंतु त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. पूर्वीच्या संहितेत केवळ विनाविलंब असे म्हटले होते. ही सहा तासांची मर्यादा म्हणजे नागरिकाच्या हातात आलेल्या सत्तेला कायद्याने घातलेला बांध आहे.

एवढ्या विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येईल. पहाऱ्याचे तीन घटक आहेत : जागणे, अधिकार आणि उत्तरदायित्व. जुन्या जागल्याजवळ तिन्ही होते, परंतु निवड नव्हती. १८६१ च्या विशेष पोलीस अधिकाऱ्यालाही निवड नव्हती. न्यूयॉर्कच्या तरुणांजवळ निवड होती आणि जागणे होते. अधिकार सामान्य नागरिकाचाच होता, आणि उत्तरदायित्व ओळखपत्रापुरते, तेही दोन वर्षांनी आले. ‘स्वयंसेवी’ हे विशेषण यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीविषयी बोलते, बाकीच्या दोहोंविषयी मौन पाळते. आणि शासनाचा खजिना रिता असतो तेव्हा हे मौन सर्वांच्याच सोयीचे ठरते. म्हणून रेल्वेतील वा अन्य सार्वजनिक वाहनांतील स्वयंसेवी पहाऱ्याची कोणतीही योजना तपासताना अभ्यासकाने स्वयंसेवकांची संख्या किंवा त्यांचा उत्साह याआधी हे पाहावे की, चूक झाल्यास प्रवाशाने कोणाचे दार ठोठवावयाचे आणि स्वयंसेवकाला इजा झाल्यास त्याच्या घरच्यांनी कोणाकडे जावयाचे. या दोन प्रश्नांची उत्तरे योजनेत लिहिलेली नसतील, तर रात्रीच्या गाडीतील जोखमीचा भार राज्यसंस्थेने तरुणांच्या खांद्यावर ठेवला आहे, इतकेच सिद्ध होईल.